तळ आधी, मासा मागून

‘फिश फाइंडर’ या नावातच एक थाप आहे. मासा शोधून देणारे यंत्र असा त्याचा सरळ अर्थ. ते विकणारा, विकत घेणारा आणि ऐपत नाही म्हणून हळहळणारा, असे तिघेही तो अर्थ अक्षरशः घेतात. वस्तुतः हे यंत्र मासा शोधीत नाही. ते पाण्यात आवाज सोडते, परत आलेला प्रतिध्वनी ऐकते आणि नावेखाली तळ किती खोल आहे ते सांगते. वाटेत काही आडवे आले तर तेही सांगते. पण आडवे आलेले ते मासा आहे की बुडालेल्या बाभळीची फांदी, हे त्यास कळत नाही. तेव्हा आमचे म्हणणे आरंभीच मांडून टाकतो. हे यंत्र घ्यायचेच असेल तर तळ पाहण्यासाठी घ्यावे. माशाच्या आशेने घेऊ नये आणि कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. हे ऐकून काही मंडळी आम्हांवर रुष्ट होतील. होवोत.

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात यंत्राची चर्चा कशाला, असा प्रश्न वाचकांपैकी कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की सांगली-मिरजेकडच्या आमच्या कुटुंबांत ही चर्चा आधीच सुरू आहे, आणि ती उथळ पाण्यात सुरू आहे. रविवारची मिस्सा आटोपली की गळ घेऊन कोयनेच्या फुगवट्याकडे जाणारी तरुण मुले आमच्यात आहेत. परदेशी स्थायिक झालेली आणि सुट्टीत घरी येताना पेटीतून असले यंत्र भेट म्हणून आणणारी मुले-मुलीही आहेत. आमचे स्वतःचे मूळ घर वसईच्या किनाऱ्याला. तिकडच्या कोळी आप्तांच्या बोटींवर हे यंत्र केव्हाच बसले. याखेरीज येथे आमच्या शेजारी राहणारी भोई कुटुंबे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कृष्णा, वारणा, कोयनेच्या पाण्यावर जगणारी ही माणसे. त्यांच्या सहकारी संस्था तलावाचा ठेका घेतात, बीज सोडतात, मासळी काढतात. गळ घेऊन जाणाऱ्या मुलाने यंत्रावर पैसे उधळले तर त्याचा एक महिन्याचा पगार जाईल. भोई कुटुंबाने उधळले तर मुलीचे कॉलेज सुटते. या दुसऱ्या घराकरिता आम्ही हे लिहीत आहोत.

या यंत्राचा इतिहास आमच्या बाजूने साक्ष देतो. १९१२ साली ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाली. त्यानंतर पाण्यात आवाज सोडून पुढचा बर्फ ओळखता येईल काय, याचा शोध अनेकांनी चालविला. मूळचे कॅनडाचे संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ च्या एप्रिलमध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात जहाजावरून हा प्रयोग केला. हिमनगाचा प्रतिध्वनी त्यांना मिळाला आणि त्याच खटाटोपात समुद्राच्या तळाचाही मिळाला. मासा या गोष्टीत यायला पुढे चौतीस वर्षे लागली. जपानमध्ये नागासाकीकडे विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी कोळ्यांकडून ऐकले होते की जेथे बुडबुडे वर येतात तेथे खाली मासळी असते. महायुद्धानंतर उरलेल्या खोली मोजण्याच्या यंत्रांवर त्यांनी पुष्कळ डोके चालविले आणि १९४८ साली मासेमारीसाठी खरोखर उपयोगी पडेल असे पहिले यंत्र बाजारात आणले. म्हणजे वंशावळ अशी: आधी बर्फ व तळ, मासा मागून. विक्रेत्याने हा क्रम उलटा केला आहे.

आता मासा दिसतो तो कसा? माशाचे मांस बव्हंशी पाणीच. आवाजाला त्यात आणि भोवतालच्या पाण्यात फारसा भेद जाणवत नाही. परंतु पुष्कळ माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते, जिच्या बळावर मासा हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आदळला की जोराने मागे फिरतो. पडद्यावर जो ठिपका उमटतो तो मुख्यतः या पिशवीचा. किनाऱ्याकडच्या वाचकांस ही पिशवी वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. घोळ माशाच्या पोटातली हीच पिशवी ‘बोत’ म्हणून सोन्याच्या मोलाने विकली जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरकडच्या एका बोटीला १५७ घोळ मिळाल्या आणि त्यांचे सुमारे एक कोटी तेहतीस लाख रुपये आले, ते या बोताच्या जोरावरच. ज्या अवयवामुळे मासा महाग, त्याच अवयवामुळे तो यंत्राला दिसतो, ही निसर्गाची थट्टाच म्हणायची. उलट मुशी आणि पाकट यांच्या पोटात ही पिशवी नसते. त्यामुळे नावेखालून भली मोठी मुशी गेली तरी पडद्यावर तिची खूण पुसटच उमटायची.

पडद्यावर मासळीची गोजिरी चित्रे दाखवणारी जी सोय असते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्राच्या आतील गणिताने काढलेला तो अंदाज असतो. पाण्यात कुजणाऱ्या पानांतून सुटलेले बुडबुडे, जलपर्णीची खाली लोंबणारी मुळे, बुडालेले झाड, यांतल्या कशालाही ते गणित मासा ठरवते आणि वर त्याची खोलीही आकड्यात लिहिते. आकडा दिसला की माणसाचा विश्वास बसतो. दुकानदार नेमके हेच चित्र दाखवतो. मुलांच्या खेळण्यातल्यासारखे मासे पडद्यावर पोहताना पाहून गिऱ्हाईक खिशात हात घालते. तेच चित्र बंद करून तळाची कच्ची रेघ दाखवली, तर दहांतले आठ जण यंत्र परत ठेवतील. उरलेले दोघे मात्र खरे गिऱ्हाईक.

ती कच्ची रेघ वाचावयास शिकणे फार अवघड नाही. तळ खडकाळ असेल तर रेघ ठळक व बारीक येते, आणि कधी तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी रेघही उमटते, कारण आवाज तळ आणि पाण्याची सपाटी यांच्यामध्ये दोनदा फिरलेला असतो. तळ गाळाचा असेल तर रेघ जाड व मऊ दिसते. नाव चालत असताना मासा खालून गेला तर कमानीसारखी खूण पडते. कारण मासा आवाजाच्या कडेला असताना दूर असतो, मध्ये आला की जवळ येतो, पुन्हा दूर जातो. नाव उभी असेल आणि मासाही उभा असेल तर कमान न दिसता लांबच लांब आडवी रेघ दिसते. ती मोठ्या माशाची रेघ समजून हुरळणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. लांबी माशाची नसते; तो तेथे किती वेळ थांबला, त्या वेळेची असते.

यापुढे थोडे गणित येणार, त्याला इलाज नाही. पाण्यात आवाज एका सेकंदात साधारण दीड हजार मीटर जातो. पंधरा मीटर खोल तळावर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. हा आवाज बॅटरीच्या झोतासारखा खाली पसरत जातो. झोत वीस अंशांचा असेल तर तळावर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. साठ अंशांचा असेल तर खोलीपेक्षाही थोडा जास्त. आता सांगलीजवळची कृष्णा घ्या. उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी पाणी चार-पाच मीटरांच्या आतच असते. तीन मीटर पाण्यात वीस अंशांच्या झोताने तळाचा एक मीटरभर तुकडा दिसतो. त्यातून यंत्राखालचे पहिले अर्धा-पाऊण मीटर पाणी आवाजाच्या स्वतःच्याच गोंगाटात हरवते. नदीतल्या एका घागरीएवढ्या जागेत मासा आहे की नाही हे जाणण्यासाठी हजारो रुपये मोजायचे! त्या पाण्यात नाव गेली की मासा तसाही बाजूला होतो. कृष्णेच्या डोहाची खोली भोई वल्हे टाकून, बांबू टाकून, किंवा दोरीला दगड बांधून मोजतो, आणि त्याचे माप यंत्राच्या मापापेक्षा कमी प्रामाणिक नसते. कृष्णेसाठी यंत्र नको, हे आम्ही कोणतीही पुस्ती न जोडता सांगतो.

कोयनेचे पाणी वेगळे. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, मागचा शिवसागर मैलोन्‌मैल दऱ्यांत शिरलेला. भरलेले असताना जेथे नाव चालते, तेथे मे महिन्यात गुरे चरतात. बुडालेली शेते, बांध, झाडांची खोडे, जुन्या वाटा असे सारे पाण्याखाली आहे, आणि पाणी दर महिन्याला वरखाली होत असल्याने काल मोकळी वाटलेली जागा आज जाळे फाडते. येथे यंत्राला काम आहे. मात्र येथेही विक्रेता चुकीचे यंत्र गळ्यात मारतो. धरण खोल, म्हणून खोल समुद्राचे यंत्र घ्या, असा त्याचा युक्तिवाद. आवाजाची पट्टी जितकी खालची तितका तो खोल जातो, हे खरे आहे. म्हणून समुद्रावर पन्नास किलोहर्ट्झची पट्टी वापरतात. परंतु खाऱ्या पाण्यात उंच पट्टीचा आवाज जितक्या लवकर विरतो तितका गोड्या पाण्यात विरत नाही. दोनशे किलोहर्ट्झचे साधे यंत्र कोयनेचा तळ सहज गाठते.

झोताचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. ‘जास्त रुंद झोत म्हणजे जास्त मासे’ हे वाक्य आम्ही एकाहून अधिक दुकानांत ऐकले. सपाट तलावावर ते निदान अर्धे खरे असेल. कोयनेच्या, वारणेच्या दऱ्यांना उभे उतार आहेत. रुंद झोताची एक कड उताराच्या वरच्या बाजूस लागते आणि तिचा प्रतिध्वनी सर्वांत आधी परत येतो. यंत्र त्यालाच तळ समजते. नावेखाली प्रत्यक्षात तीस मीटर पाणी असता पडद्यावर वीसच दिसते, आणि खालच्या दहा मीटरांत जे काही आहे, मासा असो वा जाळे अडकवणारे खोड, ते सारे त्या खोट्या तळाच्या पोटात गडप होते. म्हणून डोंगरातल्या धरणावर अरुंद झोत घ्यावा, वीस अंश किंवा त्याहून कमी. कॅटलॉगात ही माहिती बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. पडद्याचे इंच मात्र पहिल्या पानावर.

आता बर्फाकडे वळू. सांगलीच्या माणसाने बर्फाची चर्चा करावी हे हास्यास्पद वाटेल, पण परदेशातून येणाऱ्या भेटींमुळे ती करणे भाग आहे. कॅनडात टोरंटोच्या उत्तरेस सिमको नावाचे सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठते आणि माणसे त्यावर झोपड्या उभारून, बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडून मासे धरतात. आपल्याकडची मुले तिकडे गेली की कधी तरी मित्रांबरोबर जातात, छंद जडतो. तेथे चालणारे यंत्र निराळे असते. ‘फ्लॅशर’ म्हणतात त्यास. त्याला घड्याळासारखी गोल तबकडी असते, तिच्यावर रंगीत प्रकाशाच्या रेषा चमकतात. इतिहास दाखवणारा सरकता पडदा त्यात नाही; या क्षणी खाली काय आहे एवढेच दिसते. भोकातून दोरीने सोडलेली डबी ओळंब्यासारखी सरळ लोंबते, झोत अरुंद, आणि आपल्याच गळाचे आमिष बारीक रेषेसारखे दिसते. मासा आमिषाजवळ आला की दुसरी रेषा वर सरकू लागते, रंग बदलतो, आणि माणूस दोरी हलकेच उचलतो. जेथे नाव चालत नाही, पाणी हलत नाही, माणूसही हलू शकत नाही, तेथे हेच यंत्र शहाणपणाचे. शेजारच्या झोपडीतल्या यंत्राचा आवाज आपल्या तबकडीवर उमटू नये म्हणून त्यात वेगळी कळही असते. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जीव लवकर जातो, म्हणून तिकडची माणसे ती उबेत जपतात.

हे यंत्र सांगलीत आणून करायचे काय? चालत्या नावेवर ते अर्ध्या कामाचेही नाही. तळाची नोंद राहत नाही, उतार दिसत नाही, मागे काय गेले ते कळत नाही. बांधलेल्या तराफ्यावर बसून सरळ खाली गळ सोडणाऱ्या हौशी माणसाला ते उपयोगी पडेल, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जाळी लावून जगणाऱ्याला नाही. तिकडे राहणाऱ्या मुलांना आमचा सल्ला असा की हिवाळ्यात बर्फावर आणि उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यावर असे दोन्हीकडे मासे धरायचे असतील तर दोन यंत्रे घेऊ नयेत. दोन्ही रीतींनी दाखवणारा एकच पडदा घ्यावा आणि त्याला दोन वेगवेगळे कान जोडावे: एक बर्फाच्या भोकातून ओळंब्यासारखा लोंबणारा, दुसरा नावेच्या मागच्या फळीला बसणारा. पैसे पडद्यावर कमी व कानावर जास्त खर्च करावे. आणि घरच्यांना भेट आणायचीच असेल तर तरंगणारे जाकीट आणावे.

कानाविषयी आणखी थोडे. पाण्यात बसणारी जी डबी, तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. यंत्राची सारी अब्रू तिच्यात असते. ती कोठे बसवली यावर निम्मे यश. इंजिनाच्या पंख्याजवळ बसवली तर पंख्याने उडवलेले बुडबुडेच दिसत राहतात. भरीव फायबरच्या नावेत ती आतून तळाला चिकटवली तरी आवाज आरपार जातो; लाकडी नावेत जात नाही, कारण लाकडाच्या पेशींत हवा असते. पत्र्याच्या नावेतही नाही. तेथे बाहेरच बसवावी लागते. अलीकडे गळाच्या दोरीला बांधून फेकायचे चेंडूसारखे यंत्र निघाले आहे, जे मोबाइलवर चित्र पाठवते. काठावरून किंवा ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्याला त्यातल्या त्यात तेच बरे. ते खिशात मावते आणि नावेला भोक पाडावे लागत नाही. पडदा विकत घेण्यापूर्वी भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. समोरचे पाणी जिवंत चित्रासारखे दाखवणारी महागडी यंत्रे २०१८ पासून बाजारात आहेत. अमेरिकेत मासेमारीच्या स्पर्धांतून ती वापरू द्यावी की नाही यावर मोठा वाद पेटला आहे. तो श्रीमंतांचा वाद. आपण तो लांबून ऐकावा.

येथवर वाचून काही ज्येष्ठ मंडळी खूश झाली असतील. त्यांचे म्हणणे पहिल्यापासून असे की यंत्र हेच पाप. यंत्र आले आणि मासळी संपली. आम्हांस त्यांच्याशीही भांडावयाचे आहे. आमच्या वसई, अर्नाळा, उत्तनच्या किनाऱ्यावर डोल जाळ्याची मासेमारी चालते. समुद्रात जागा ठरलेल्या, जाळे भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून बांधायचे, आणि पाण्याबरोबर जे येईल ते घ्यायचे. बोंबील येतो, जवळा येतो. या कोळ्याला मासा कोठे आहे हे शोधायचेच नसते. मासा त्याच्याकडे येतो. त्याच्या बोटीवर यंत्र आहे ते तळासाठी, खडकासाठी, खाडीच्या तोंडाशी सरकलेल्या वाळूच्या दांड्यासाठी. केंद्र सरकारच्या मच्छीमार सुरक्षा योजनेत जीपीएस व संपर्काची साधने यांच्या जोडीला इको-साउंडरही होता, हे ज्येष्ठांनी ध्यानात घ्यावे. सरकारने ते जीव वाचवण्याच्या सामानात मोजले. ज्या यंत्राने रात्री खडक टळतो त्यास पाप म्हणता येत नाही.

मात्र तेच यंत्र पर्ससीन जाळ्याच्या बोटीवर गेले की त्याचा स्वभाव बदलतो. थवा दिसला, त्याभोवती जाळे फिरवले, खालून दोरी ओढली, आणि थवाच्या थवा, लहान मोठा, पिल्ला-अंड्यासकट, वर. त्याला प्रखर एलईडी दिव्यांची जोड मिळाली म्हणजे मासळी आपण होऊन जाळ्यात जमते. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. ती पाळली जाते काय, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही लहान कोळ्यास विचारावे. म्हणजे दोष जाळ्याचा, दिव्याचा आणि बंदी मोडणाऱ्याचा, प्रतिध्वनीचा नव्हे. ज्येष्ठ मंडळी लहान कोळ्याच्या छोट्या पडद्यावर राग काढतात, कारण मोठ्या बोटीच्या मालकावर काढण्याची छाती होत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे.

आमच्या सांगलीकडे मोठ्या बोटी नाहीत, पण कर्ज आहे. हप्त्यावर मोबाइल, हप्त्यावर दुचाकी, आणि आता हप्त्यावर मासा शोधण्याचे यंत्र. भोई तरुणाला कोणी तरी सांगतो की शेजारच्या तलावावर एकाने यंत्र घेतले आणि मासळी दुप्पट झाली. ज्या तलावात संस्थेने मोजून बीज सोडले आहे, रोहू, कटला, मृगळ किती हे वहीत लिहिलेले आहे, तेथे मासळी यंत्राने दुप्पट होईल कशी? एकाने जास्त धरली तर दुसऱ्याला कमी मिळेल, एवढेच. घराघरांत यंत्र आले तर सर्वांचे कर्ज वाढेल आणि मासळी होती तेवढीच राहील. याउलट संस्थेने एकच यंत्र घेतले, आलटूनपालटून वापरले, तर बुडालेली खोडे सर्वांनाच कळतील आणि सर्वांचीच जाळी वाचतील. एक जाळे फाटले की घरातल्या बाया किती रात्री बसून ते विणतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या हिशेबाचे मोल सांगावे लागणार नाही.

जीवांविषयी बोललो, तर ब्रह्मनाळला टाळून पुढे जाता येत नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. नावेत तिच्या शक्तीबाहेर माणसे होती. प्रतिध्वनी ऐकणारे कोणतेही यंत्र ते संकट टाळू शकले नसते. अंगात जाकिटे असती तर त्यांतले काही जण आज जिवंत असते. म्हणून संस्थेच्या बैठकीत यंत्राचा ठराव येण्यापूर्वी जाकिटांचा ठराव यावा, असा आमचा आग्रह आहे. माणशी एक, आणि ते नावेच्या टोकाशी गुंडाळून ठेवलेले नव्हे. जाकिटाची किंमत यंत्राच्या मानाने क्षुल्लक आहे. त्याला पडदा नाही, एवढाच त्याचा दोष.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडला होता. काठावरच्या माणसांनी तो पाहिला, पोती भरली, काहींनी ते मासे विकण्याचा प्रयत्नही केला. पाण्यात मिसळलेला प्राणवायू संपला की मासा गुदमरतो. आणि पाण्यातला प्राणवायू आवाजाला दिसत नाही. आपल्या यंत्राने त्या दिवशी तळ अचूक दाखवला असता, चार मीटर अमुक सेंटिमीटर. ज्या नदीत कोणाचे तरी सांडपाणी येऊन मासा मरतो, त्या नदीवर मासा शोधण्याचे यंत्र विकणे ही विक्रेत्याची धिटाई म्हणावी की आपला भाबडेपणा? भोई संस्थांनी वर्गणी काढायचीच असेल तर दर आठवड्यास नदीचे पाणी तपासून घेण्यासाठी काढावी. तो कागद हाती असला की प्रदूषण मंडळापुढे उभे राहता येते.

कोयनेकडच्या संस्थांना मात्र आम्ही वेगळे सुचवितो. एक साधे यंत्र, दोनशे किलोहर्ट्झचे, अरुंद झोताचे, जागा टिपून ठेवणारे जीपीएस असलेले, संस्थेच्या नावावर घ्यावे. अभयारण्याच्या हद्दीत जेथे जावयाचे नाही तेथे जाऊ नये. बाकीच्या पाण्यात, मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असताना, जुन्या जाणत्या दोघांना नावेत बसवून सारा फुगवटा फिरावा. त्यांना कोणते शेत कोणाचे होते, विहीर कोठे होती, आंब्याचे झाड कोठे होते, हे अजून आठवते. ते बोट दाखवतील, यंत्र जागा टिपील, आणि कोणी अक्षर चांगले असलेली मुलगी ते वहीत लिहून घेईल. पाणी चढल्यावर ती वही संस्थेच्या कचेरीत टेबलावर उघडी ठेवावी, म्हणजे पहाटे जाळे टाकायला निघालेला कोणीही ती पाहून जाईल.